चाळीच्या दारावरचं कात्रण

भाग्यश्री नाशिकच्या एका दैनिकात शेती-विज्ञानाचं पान सांभाळायची. तिचं नाव छापून आलं की विंचूरला तिचे वडील, वाल्मीकअण्णा, ते कात्रण कांद्याच्या चाळीच्या दारावर खळीनं चिकटवत. मुलीचं कौतुक चारचौघांत करणं अण्णांच्या जिवावर यायचं. ते काम दार परस्पर करायचं. येणारा-जाणारा थांबून वाचायचा.

जुलैत तिला इंटरनेटवर एक निबंध सापडला. एक भुकटी पाण्यात कालवून फवारली की साठवलेला कांदा सडत नाही, असा दावा होता. निबंध प्रीप्रिंट होता, म्हणजे लिहिणाऱ्यांनी जाहीर केलेला, पण इतर शास्त्रज्ञांनी अजून न तपासलेला. संपादकांनी मथळाही देऊन टाकला: 'आता कांदा सडणार नाही'. बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाला विचारावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण संध्याकाळी पान छपाईला सोडायचं होतं, आणि दुसऱ्या पेपरनं आधी छापलं असतं तर बसा हात चोळत. तिनं शेवटी एक ओळ टाकली, 'हे संशोधन अद्याप इतर तज्ज्ञांनी तपासलेले नाही.' ही ओळ लिहिली की पत्रकाराला गंगेवर आंघोळ करून आल्यासारखं वाटतं. तीही निवांत झोपली.

ऑगस्टात आईचा फोन आला, चाळीत वास सुटलाय म्हणून. रविवारी भाग्यश्री विंचूरला गेली, तर अण्णा खाली बसून कांदे निवडत होते. चांगले एकीकडे, नासलेले दुसरीकडे, आणि नासलेल्यांचा ढीग मोठा. अण्णांनी अख्ख्या चाळीवर भुकटी फवारली होती. दारावरचं कात्रण वाचून शेजारच्या नवनाथकाकांनीही. भाग्यश्री शेजारी बसून निवडू लागली.

शेवटी तिनं विचारलंच, "अण्णा, खालची ओळ वाचली नव्हती का?"

"वाचली ना." अण्णांनी हातातला कांदा दाबून पाहिला. "दुसऱ्यांनी तपासलं नाय, असं लिवलंय. पण वर तुझं नाव व्हतं. मला वाटलं, तू तपासलं असशील."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

सोमवारी तिनं कांद्याच्या एका अभ्यासकांना फोन लावला. त्यांनी निबंध वाचून सांगितलं की प्रयोग बंद, कोरड्या खोलीत झाला होता. पावसाळी हवेत, उघड्या चाळीत ओलं फवारलं तर कांदा नासायचाच. जुलैत करायचा फोन एवढाच होता. तिनं सगळं लिहिलं, आपण कुणाला विचारलं नव्हतं हेसुद्धा. आपल्याच चुकीचा डांगोरा कशाला, म्हणून संपादक कुरकुरले. ती हटली नाही. बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात छापून आली.

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा अण्णा दारापाशी खळीची वाटी घेऊन उभे होते. जुनं कात्रण तसंच होतं, नवं त्याच्या शेजारी लागलं होतं. जुनं काढून टाका ना, असं ती म्हणाली. राहू दे, दोन्ही तुझीच हायेत, अण्णा म्हणाले.

मग त्यांनी नव्या बातमीचं आणखी एक कात्रण आणि वाटी तिच्यापुढे धरली.

"हे नवनाथच्या दाराला लावायचंय. तू जा."

भाग्यश्रीनं वाटी घेतली आणि नवनाथकाकांच्या चाळीकडे निघाली.