थोरली

शेजारचं मांजर गाडीच्या बॉनेटवर पाय ताणून झोपलं होतं. तिने त्याला हुसकलं आणि ते उठलं त्या जागी तळहात टेकवला. पत्रा कोमट होता, ताप उतरत आलेल्या कपाळासारखा. मोठा रस्ता ओलांडून शाळेपर्यंत जाऊन आलेल्या गाडीवर हात ठरता कामा नये. आठ सिलिंडरचं इंजिन ते. परत आलं की बराच वेळ धुमसत राहायचं. मांजरं काय, माणसंही जरा लांबून जायची.

"काय गं, काय झालं?"

सासरे मागे येऊन उभे होते. हातात पुसायचं फडकं.

"काही नाही, बाबा. मांजर बसलं होतं."

"बसू दे की. थोरलीलाही कुणीतरी मांडीवर लागतंच."

त्यांनी बॉनेटवरून लांबलचक फडकं फिरवलं, त्याची घडी घातली आणि ते समाधानाने आत गेले. मांजराच्या पायांचे ठसे एका कडेला तसेच राहिले होते. याच माणसाने पूर्वी शेजाऱ्याच्या पोराच्या बोटाचा डाग शोधून काढून आख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. कुठे असतं यांचं लक्ष हल्ली, असं तिच्या मनात आलं.

घरात गाडीला थोरलीच म्हणत. नाव ठेवलं होतं सासूबाईंनी. "माझ्यामागून आली, पण मान थोरलीचा घेऊन बसली," असं त्या म्हणायच्या आणि नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर आधी सवतीची परवानगी काढायच्या. सासूबाई गेल्या, सवत राहिली. सासऱ्यांनी उभी हयात एका बड्या मालकाकडे ड्रायव्हर म्हणून काढली होती. मालक घरदार आवरून दूर निघून गेला, तेव्हा त्याने किल्ली यांच्याच हातात ठेवली. म्हणाला, ही तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, तुम्हीच न्या. मीटरने तीन लाख किलोमीटर केव्हाच मागे टाकले होते. सीटच्या चामड्याला टाचांसारख्या भेगा पडल्या होत्या. मागच्या चाकांवर हवेच्या उशा होत्या, त्या रात्रभरात उतरायच्या आणि गाडी बसकण मारायची. सकाळी इंजिन सुरू झालं की गुडघ्यावर हात देऊन उठणाऱ्या म्हातारीसारखी सुस्कारा टाकत उभी राहायची. पण एकदा उभी राहिली आणि कुणी पाय दाबला, तर बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटायची. तिला त्याचीच धास्ती होती. एवढी ताकद, आणि ती एका म्हाताऱ्या पावलाखाली. मागच्या सीटवर बिट्टी.

बिट्टी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. पुढच्या महिन्यात ती स्वतः कामावर रुजू होणार होती आणि पोरीला शाळेत नेणं-आणणं सासऱ्यांकडेच राहणार होतं. सगळं ठरलं होतं. नवऱ्याने हुश्श केलं होतं. तिचं हुश्श तेवढं अजून व्हायचं होतं.

त्यात कालच गॅरेजवाला बॅटरी बघायला घरी येऊन गेला होता.

"वहिनी, गाडी ठणठणीत आहे. पण बाबा हिला कोंडून का ठेवतात?"

"कोंडून कुठे? रोज दोनदा शाळेत जाऊन येते."

त्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट तिच्यापुढे धरलं. "ही काजळी बघा. हिला दौड लागते, वहिनी. सुरू करायची, चार पावलं न्यायची, बंद करायची, असं केलं की बॅटरीही मरते आणि इंजिनही चोंदतं. ही शाळेत जात असेल, तर शाळा तुमच्या जिन्याखालीच असली पाहिजे."

तो हसला. ती हसली नाही.

संशय घरात शिरला की उंदरासारखा राहतो. दिसत नाही, कुरतडल्याचा आवाज तेवढा येतो. तिने निमित्त काढून शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, बिट्टी वेळेवर येते, रोज येते, आजोबा आत पोहोचवून जातात. म्हणजे पोर शाळेत जात होती. गाडी जात नव्हती.

दुपारी तिने बिट्टीचे बूट काढले. पुढची टोकं धुळीने पांढरी झाली होती आणि एक टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. दारातून गाडीत आणि गाडीतून शाळेच्या दारात उतरणाऱ्या पोरीचे म्हणे बूट होते हे!

"बिट्टी, सकाळी गाडीतून कुठे गेलात?"

"शाळेत."

"सरळ शाळेत?"

बिट्टीने ओठ आत ओढून घेतले.

"सांग ना राणी."

"ते आमचं गुपित आहे. आजोबा म्हणाले, घरी नाही सांगायचं."

बूट तिच्या हातात तसाच राहिला. या एका वाक्याबद्दल तिने आजवर कितीतरी वाचलं होतं. पण त्या वाचलेल्यात कुठेही बिट्टीच्या घासावर फुंकर घालणारे आजोबा नव्हते. तिने गॅलरीकडे पाहिलं. सासरे खुर्चीत बसले होते. मांडीवर घडी न मोडलेलं वर्तमानपत्र, तोंड उन्हाकडे. तिने बिट्टीला कुशीत ओढलं.

"आई, गळा आवळतेस माझा."

संध्याकाळी तिने नवऱ्यापाशी विषय काढला.

"बाबा तिला गाडीतून शाळेत नेतच नाहीत, असं वाटतंय मला."

"मग काय, विमानातून नेतात?"

"पेट्रोल संपत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय?"

"आलंय ना. म्हणून तर गप्प बसलोय. थोरलीने आपणहून उपास धरलाय, मी कशाला मोडू?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"अगं, आयुष्यात ज्या माणसाने गाडीला ओरखडा पडू दिला नाही, त्याच्यावर पाळत ठेवणार तू? तुला ना, उजेडात सावली दिसते आणि सावलीत भूत."

त्या रात्री भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधं आणायची सबब सांगून ती आधीच बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काचेच्या दारामागे उभी राहिली. थोड्या वेळाने थोरली आली. आली म्हणजे गल्लीच्या कडेकडेने, गोगलगायीच्या चालीने सरपटत आली. मोठा रस्ता लागण्याआधीच ती बंद पडलेल्या गोदामाच्या भिंतीकडे वळली आणि थांबली. इंजिन चालूच होतं. तिने दाराची मूठ घट्ट धरली. इथे कोण येणार होतं?

कुणी आलं नाही. इंजिन बंद झालं. सासरे उतरले, पत्र्याला हात लावत लावत मागच्या दाराशी गेले आणि मालकासाठी उघडावं तसं त्यांनी ते अदबीने उघडलं. बिट्टी उतरली. तिचं दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवलं, तिने त्यांचा अंगठा धरला, आणि दोघं चालू लागली.

ती मागोमाग निघाली. सिग्नलपाशी बरीच माणसं खोळंबली होती. ती खांबाच्या आडोशाला उभी राहिली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"माणूस कसा आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"लाल."

"मग आपण कोण?"

"पुतळे."

दोघं पुतळे झाले. मग बिट्टी चवड्यांवर उंचावली. "हिरवा! आजोबा, हिरवा झाला!"

"घाई नाही. उजवीकडे काय आहे?"

"बस आहे. थांबलीय."

"तिचा ड्रायव्हर कुठे बघतोय?"

"आपल्याकडे."

"नक्की? डोळे दिसतात त्याचे?"

"दिसतात. त्याला मिशी पण आहे."

"मग चल. मिशीवाला माणूस शब्द पाळतो."

पाऊल टाकण्याआधी त्यांनी मान वळवली, थेट तिच्याकडे. सापडले! औषधांची सबब तिच्या जिभेवर आली, ती कसनुसं हसलीही. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरली, तशीच खांबावरून फिरली आणि पुढे गेली. ते रस्त्यात उतरले. बिट्टी अर्धं पाऊल पुढे होती.

माणसं तिला वळसा घालून गेली. सिग्नल पुन्हा लाल झाला. तिला हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. ज्याच्यावर ती पहारा ठेवून होती, तो माणूस तिच्याही आधीपासून स्वतःवर पहारा ठेवून होता. मोठा रस्ता त्याने आपण होऊन सोडला होता. पण गल्ली नव्हती सोडली. आणि त्या गल्लीपुरतीही बिट्टी मागच्या सीटवर असायचीच.

ते परत येईपर्यंत ती तिथेच थांबली. एकटे येताना ते पलीकडे बराच वेळ उभे राहिले आणि मग कुणा अनोळखी बाईच्या मागोमाग, तिच्या पिशवीवर नजर ठेवून अलीकडे आले.

"काय मग, लागला का शोध?" जेवताना नवऱ्याने डोळे मिचकावले.

"औषधं मिळाली," ती म्हणाली आणि सासऱ्यांच्या ताटात भाजी वाढली.

सकाळी बिट्टीला घेऊन सासरे खाली आले, तर ती ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी उभी.

"बाबा, किल्ली द्या."

"का गं?"

"मला शिकवा. लायसन्स काढलं तेवढंच, हात बसलाच नाही. आता ऑफिसला जायचं म्हणजे यायला नको का?"

"या गाडीवर कुणी शिकत नाही."

"गॅरेजवाला म्हणतो, हिला दौडवायला पाहिजे. नाहीतर चोंदते म्हणे."

मग त्यांनी सावकाश विचारलं, "तुला कुणी काही बोललं का?" इतके दिवस तिच्या आवाजात जे होतं, ते आज त्यांच्या आवाजात होतं.

"कोण काय बोलणार?"

त्यांनी किल्ली मुठीत फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. मग हात पुढे केला. तिच्या हाताच्या जरा डावीकडे. तिने आपला हात तिथे नेला.

इंजिन सुरू झालं. थोरली सुस्कारा टाकत उभी राहिली. तिचा पाय जेमतेम टेकला आणि गाडीने अशी उडी घेतली की मागून बिट्टी खिदळली.

"दाबू नकोस," सासरे शेजारच्या सीटवरून म्हणाले. "हिला दाबायचं नसतं, सुचवायचं असतं."

तिने सुचवलं. गाडी लोण्यासारखी सरकली. गोदामाच्या भिंतीची सावली आत येऊन निघून गेली. ती थांबली नाही. सासऱ्यांची बोटं सीटच्या कडेवर आवळली गेली. पण ते बोलले ते वेगळंच.

"समोर काय काय दिसतंय ते मोठ्याने सांगत चालव. नवशिक्याने तसंच करायचं असतं."

"सिग्नल आहे. लाल. पुढे बस आहे, तिच्या डाव्या अंगाला सायकलवाला..."

"आजोबा, मी सांगते ना!" बिट्टी मागून उसळली. "मला येतं सगळं. रोज मीच तर..." आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

गाडीत इंजिनची खोल घरघर तेवढी राहिली. तिने आरशात बघितलं नाही, शेजारीही बघितलं नाही. पट्ट्यांवरून माणसं जात होती.

सासऱ्यांनी घसा साफ केला.

"आज आईला सांगू दे," ते म्हणाले.