मागची सीट

थंडी ओसरली, घराच्या खिडक्या उघड्या राहायला लागल्या, तशी कप्तानांनी गॅरेजमधल्या जोडसायकलीवरची चादर ओढून काढली. हे काम ते दर वर्षी अशा थाटात करायचे, की बघणाऱ्याला वाटावं, आत एखादं विमान उभं आहे. खरं म्हणजे आत एक जुनी हिरवी सायकल होती. दोन सीट, एकीमागे एक, पेडलच्या दोन जोड्या, आणि हँडल, ब्रेक, घंटी, मानपान सगळं पुढच्याकडे.

कप्तान हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीभर त्यांनी कारखान्यात क्रेन चालवली होती, म्हणजे उंचावर बसून खालच्यांना दम देण्याची सवय होतीच. निवृत्तीच्या आधीपासून दोघं नवरा-बायको दर रविवारी सायकल मंडळाबरोबर जायला लागले. पुढच्या सीटवर हे ऐटीत बसलेले पाहून मंडळाने त्यांना कप्तान करून टाकलं. बायको मागे बसायची, ती सगळ्यांची वहिनी. वहिनी पडदे शिवायच्या. अजूनही शिवत होत्या, पण आता फक्त ज्यांच्या खिडक्या त्यांना आवडतात त्यांचेच.

दोघांनी वय वाढेल तसा आपला सिझनही बेतून घेतला होता. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डोंगरापलीकडचं गाव सोडलं आणि धरणापर्यंत जायचं ठरवलं. धरणाचा चढ अंगावर यायला लागला, तेव्हा कालव्याकाठचा बऱ्यापैकी सपाट रस्ता धरला. थंडीचे महिने पायांच्या व्यायामाचे. रोज सकाळी वहिनी भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना बसल्यासारख्या बसायच्या आणि तिथूनच भाजीवाल्याशी फोनवर हुज्जत घालायच्या. मग कोवळ्या उन्हातल्या छोट्या फेऱ्या, उन्हाळ्यात पहाटेच्या, आणि पानं पिवळी पडायला लागली की लांबच्या, कारण ती हवा पुन्हा वर्षभर मिळत नाही. "कमी जाऊ, पण नीट जाऊ," असं वहिनी म्हणायच्या, आणि कप्तान मान डोलवायचे. तीच मान आता अडचणीची झाली होती.

गेल्या सिझनच्या शेवटी एका वळणावर कप्तानांनी मागून काय येतंय ते बघायला मान वळवली, आणि ती अर्ध्यावरच अडली. मागून येणारी गाडी त्यांना दिसलीच नाही. वहिनी ओरडल्या, त्यांनी घाबरून हँडल ओढलं, आणि दोघंही सायकलीसकट रस्त्याकडेच्या झुडपात जाऊन बसली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण कप्तानांनी झुडपातूनच जाहीर केलं की ब्रेक नीट लागत नाही. मग थंडीभर त्यांनी ब्रेकच्या तारा बदलल्या, रबर बदललं, तेल घातलं. दोष खरंच ब्रेकचा असता, तर तो एवढ्यात तीनदा बरा झाला असता.

वहिनींनी ते थंडीभर चालू दिलं. मात्र चादर निघाली त्या सकाळी त्या गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, या वर्षी पुढे मी बसते."

कप्तान खाली बसून साखळी पुसत होते. त्यांनी वरही बघितलं नाही. "पुढे म्हणजे?"

"पुढे म्हणजे पुढे. हँडल माझ्याकडे. माझी मान वळते, तुमची वळत नाही."

"आणि मी मागे बसून काय करू?"

"मी इतकी वर्षं करते तेच. पेडल मारा."

कप्तान उठले, फडकं झटकलं, घडी घातली, पुन्हा झटकलं. "मागे बसण्यापेक्षा देऊन टाकलेली बरी," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

हे नुसतं रागाने बोललेलं वाक्य असतं, तर वहिनींनी एका कानाने ऐकून सोडून दिलं असतं. पण सायकल मागणारं जोडपं खरोखर तयार होतं. लेकीच्या ऑफिसातली दोघं होती. लेक गेले दोन महिने फोनवर सांगत होती, "आई, आता पुरे झालं. झुडपात पडलात म्हणून वाचलात, दर वेळी झुडूप कुठून येणार?" लेकीला एक हो हवा होता, आणि कप्तानांच्या तोंडून तो अर्धा बाहेर पडला होता.

सायकल गेली तर काय होईल, ते वहिनींना स्पष्ट दिसत होतं. कप्तान टीव्हीसमोर बसतील. मग त्यांना सोबत म्हणून आपणही बसू. मग एक दिवस दोघांनाही जिना जड जाईल, आणि कुणीतरी म्हणेल, वय झालं आता. पडण्याची भीती त्यांना नव्हती. त्यांना भीती होती त्या सोफ्याची.

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाल्या, "तुम्ही पुढे असाल तर मी मागे बसणार नाही. हे पक्कं. आणि मी पुढे असेन तर तुम्ही बसणार नाही. मग ती सायकल गॅरेजमध्ये कुणाची वाट बघतेय?"

कप्तानांनी पोळीचा शेवटचा तुकडा भाजीत फिरवला. मग म्हणाले, "एक रविवार. एकच. मंडळासमोर शोभा झाली, तर सोमवारी ती पोरं येऊन घेऊन जातील."

"चालेल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना न विचारता आणखी एक पोळी वाढली.

सराव सुरू झाला तो जवळच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात. आधी सायकलच दोघांच्या मापाला बसेना. वहिनी बुटक्या, त्यांच्यासाठी पुढची सीट पार खाली आणली. कप्तान उंच, त्यांची मागची एवढी वर गेली की कप्तान तिच्यावर बसले तेव्हा कपाटावर चढवून ठेवलेल्या सुटकेससारखे दिसायला लागले. वहिनींनी शिवणाची टेप आणून दोघांचे पाय मोजले आणि मग दोन्ही सीट बोटभर इकडे, बोटभर तिकडे केल्या.

जोडसायकलीचा निघायचा एक नेम असतो. पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून सायकल धरून ठेवायची. मागच्याने आधी चढायचं, पाय पेडलवर ठेवायचे आणि "झालं" म्हणायचं. मग पुढच्याने निघायचं. साधी गोष्ट. पण कप्तान चढायचे, "झालं" म्हणायचे आणि त्यानंतर बूड सरकवायचे, कंबर ताठ करायचे, पँट वर ओढायचे. त्या हालचालीने सायकल कलायची. पहिल्या दिवशी ती इतकी सावकाश कलली, की दोघांनाही आपण पडतोय हे कळत होतं आणि दोघंही एकमेकांना "धर, धर" म्हणत आडवी झाली.

"मागे स्वस्थ बसायचं असतं," वहिनी कपडे झटकत म्हणाल्या.

"हाताला ब्रेक नाही गं सापडत," कप्तान खालूनच म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "गतीत असताना हाताला ब्रेक नसला की कसंतरीच होतं."

वहिनींना त्यांची दया आली. पण दया दाखवली तर ते बिथरतील, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी मागच्याची कामं नेमून दिली. वळताना हात दाखवायचा, आणि पाण्याची बाटली सांभाळायची. कप्तानांनी ती कामं अशी मनावर घेतली, जणू आख्खा कारखाना त्या बाटलीवर चालणार होता. हात तर ते असा लांबलचक दाखवायचे, की आवारातल्या मांजरालाही बाजूला व्हावं लागायचं.

रविवार उजाडला. मंडळ नेहमीसारखं पुलापाशी जमलं होतं. मंडळाचे म्होरके बेकरीवाले, पहाटे उठायची जन्माची सवय असलेला गोल, बोलघेवडा माणूस. त्यांनी सायकल येताना पाहिली आणि डोळे मोठे केले.

"अरे वा! कप्तान, आज प्रवासी का?"

सगळे हसले. कप्तानांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या वहिनींना मागे न बघताही कळल्या. "प्रवासी नाही, इंजीन मागे लावलंय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला. कप्तान मात्र हसले नाहीत. कालव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते मान खाली घालून पेडल मारत राहिले. फक्त वळण आलं की हात बाहेर यायचा, सरळ, कडक.

वहिनींना पुढे बसून कसं वाटतंय, हे विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांना उत्तर देता आलं नसतं. त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. खड्डा आला की ओरडून सांगायचा, गियर बदलायच्या आधी सांगायचं, कुत्रं दिसलं की दोन बोटं ब्रेकवर. अर्ध्या वाटेवर चहाचं दुकान आलं तेव्हा खांदे आखडले होते, पण मन एकदम खुशीत होतं. आपल्याला हे जमतंय!

चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना वहिनींनी सायकल घट्ट धरली. कप्तान मागे चढले. "झालं," ते म्हणाले. तेवढ्यात बेकरीवाले वहिनींना पुढच्या रस्त्याबद्दल सांगायला लागले. पुढे उतार आहे, खडी पडली आहे, डावीकडून घ्या. वहिनी मान डोलवत होत्या. मागे सायकल हलली, कलली, सावरली. रोजचंच, बूड सरकवणं चाललंय, असं म्हणून त्यांनी आणखी घट्ट धरली. बेकरीवाल्यांचं बोलणं संपलं, आणि त्या निघाल्या.

उतार सुरेख होता. वारा पाठीशी होता. खडी डावीकडून चुकवली, तेव्हा सायकल इतकी हलकी वळली की वहिनी स्वतःवरच खूश झाल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "आज पाय कसे पडतायत तुमचे! वजनच जाणवत नाही."

मागून उत्तर आलं नाही. रागावलेत अजून, असं वाटून वहिनींना राहवेना. रस्ता मोकळा होता, समोर बघत बोलायचं होतं, म्हणून एरवी तोंडावर कधी म्हटलं नसतं ते त्या बोलून गेल्या. "अहो, मला कप्तान-बिप्तान व्हायचं नाही. मला फक्त घरी बसायचं नाही. आणि तुमच्याशिवाय कुठे जायचंही नाही. एवढंच आहे. लोक हसले म्हणून मनाला लावून घेऊ नका."

तरी उत्तर नाही. दोन झाडं गेली, कालव्याचा छोटा पूल आला. वहिनींनी ब्रेक लावला, पाय टेकले आणि मागे वळल्या.

मागची सीट रिकामी होती.

पडले कुठे! त्यांनी रस्ता नजरेने पिंजून काढला. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग हळूहळू उमगलं, आणि जे उमगलं ते पडण्यापेक्षा वाईट होतं. त्या नवऱ्याला दुकानापाशी विसरून आल्या होत्या. पहिल्याच रविवारी. सगळ्या मंडळासमोर.

लांबलचक सायकल एकटीने वळवायला त्यांना चार वेळा पुढे-मागे करावं लागलं. आता तोच उतार चढ झाला होता आणि वारा तोंडावर. त्या धापा टाकत पेडल मारत होत्या आणि मनात म्हणत होत्या, संपलं. याहून मोठी शोभा काय असते? उद्या ती पोरं येतील, सायकल घेऊन जातील, आणि आपण दोघं सोफ्यावर.

दुकानापाशी सगळे उभे होते. बेकरीवाले डोळे पुसत होते, हसून हसून त्यांचा दम गेला होता. कप्तान मात्र सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, पाण्याची बाटली छातीशी धरून उभे होते.

"अहो, मला वाटलं तुम्ही..." वहिनींना धड बोलताही येईना. "तुम्ही तर चढला होतात!"

"चढलो होतो. मग लक्षात आलं, बाटली बाकावर राहिली. म्हणून उतरलो."

"मग हाक तरी मारायची!"

"आम्ही मारणार होतो वहिनी," बेकरीवाले म्हणाले. "यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला! म्हणाले, गप्प राहा."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. तो कसा होता, ते त्यांना पटकन ठरवता येईना. असा चेहरा त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता.

"का पण?"

"बघत होतो," कप्तान म्हणाले. मग लोक ऐकतायत हे लक्षात येऊन ते जरा जवळ आले. "इतकी वर्षं तू मागे. मी तुला सायकल चालवताना कधी पाहिलंच नव्हतं गं. पाठ सरळ, कोपर आत... हाक मारली असती तर थांबली असतीस."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते घाम पुसतो तसं बाहीने पुसलं. "चला, बसा आता," त्या म्हणाल्या. "उशीर होतोय."

"लेकीला सांग, त्या पोरांना म्हणावं, दुसरी सायकल शोधा."

"सांगते. बसा."

कप्तान बसले नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून ती वहिनींच्या हातात दिली, त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबले आणि झाकण नीट लावून घेतलं.

"एक काम कर," ते हळूच म्हणाले. "त्या कालव्याच्या पुलापर्यंत परत एकदा एकटी जाऊन ये. मी इथेच उभा आहे."

"वेड लागलंय का तुम्हाला? सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत."

वहिनींनी बेकरीवाल्यांकडे बघितलं. बेकरीवाल्यांनी आपली सायकल झाडाला टेकवली आणि दुकानदाराला आणखी एक चहा सांगितला. मग वहिनींनी ओढणी खोचली, पाठ जरा जास्तच सरळ केली आणि त्या निघाल्या.