बापूच्या संगणकातला आवाज

बापू दवाखान्यात पडून होता, तेवढ्यात ताईने त्याच्या संगणकावरची जुनी सिस्टीम पुसली आणि सगळ्यांना खुली असलेली, फुकटची नवी बसवून टाकली. धाकट्याला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. जुनी सिस्टीम बनवणारी मोठी कंपनी लोकांच्या घरात कुठवर डोकावते, हे ती दुरुस्तीच्या दुकानात रोज बघायची. भावाच्या घरात चोराला मानाने बसवून घ्यायचं कशाला?

बापूला दिसत नसे. संगणक पडद्यावरचं वाचून दाखवी आणि तो बैठकांची ध्वनिमुद्रणं टाईप करून देई. तो आवाज त्याने इतका भरधाव ठेवलेला, की इतरांना डब्यात चणे हलवल्यासारखं वाटे. त्याला मात्र शब्द न् शब्द कळे.

नवी सिस्टीमही बोलायची, पण वेग वाढवला की ओळीच्या ओळी गिळायची.

"होईल सवय," ताई म्हणाली.

"तुझ्या तत्त्वांची? कामं चुका काढून परत येतायत, ताई. साहेब म्हणाला, आता शेवटचं सांगतोय."

"ते लोक तुझं सगळं ऐकतात रे. आणि विकतात."

"चोर आहेत, कबूल. पण चोर मला वाचून दाखवायचा. तुझा साधू तोतरा निघाला."

ताईने सुट्ट्या घालवल्या, ती फुकटची सिस्टीम घडवणाऱ्या जगभरच्या भल्या माणसांना विचारलं. उत्तरं गोड आली. आवाजाचं काम बघणारा एकच होता, तो दमून सोडून गेला होता.

शेवटी तिने जुनी सिस्टीम परत चढवायला घेतली. अटींचं पान आलं.

"वाच ना," बापू म्हणाला. "आवाज सुरू व्हायच्या आधीच येतं ते. मला कधी कळलंच नाही त्यात काय असतं."

तिने वाचलं. खोलीतलं बोलणं सेवा सुधारण्यासाठी साठवलं जाईल, इतरांना दिलं जाईल. बापूच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं.

"नाही म्हणता येतं?"

"येतं. मग आवाज मिळत नाही."

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "दाब," म्हणाला.

कामं पुन्हा नीट जाऊ लागली. ताई अजूनही दुकानातून येताना डोकावते. पण तिचा रखडलेला घटस्फोट, आईचं दुखणं, असलं काही निघालं की दोघं जिन्यात जातात. कठड्याला धरून उभ्याउभ्या माणूस कितीसं बोलणार? लवकरच विषय संपतो, आणि बापू चाचपडत आत जातो.