वाहणारी विमानं

“उतरा खाली,” दत्ताराम किनाऱ्यावरून म्हणाला. होडीतलं कुणीच हललं नाही.

बारा माणसांच्या होडीत तीस जण चढले होते. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, बोचकी. १९६१चा डिसेंबर होता. आपली फौज गोव्यात शिरल्याची बातमी देवबागात पोचली होती. त्यात सकाळी एक भलंमोठं विमान माडांच्या शेंड्यांवरून गेलं आणि पोर्तुगीज बाँब टाकणार म्हणून वाडी खाडीपलीकडे पळायला निघाली. ओहोटीची ओढ समुद्राकडे होती. होडीचा काठ पाण्यापासून चार बोटांवर आला होता.

“वल्ही मार, दत्ताराम,” मासे विकणारी काशीबाई म्हणाली. “तां परत येयत.”

“येवंदे. तां आपलांच आसा.”

“तुका काय ठावक?”

“माझ्याकडे आसा तां.”

तेवढ्या भीतीतही कुणीतरी हसलं.

दत्ताराम गावचा तारी, खाडीवर होडी चालवणारा. महायुद्धात हमाल म्हणून तो आसामच्या पलीकडे गेला होता. तिथे वाट तुटली आणि नऊ दिवस चुलीवर चढवायला काही राहिलं नाही. दहाव्या दिवशी एका डाकोटा विमानानं डोंगरावर तांदळाची पोती टाकली. तो भात तो कधी विसरला नाही. परत आल्यावर बोटीवर नोकरी करणाऱ्या शिवाला त्यानं तसलं खेळण्यातलं विमान आणायला सांगितलं. शिवानं परदेशातून तळहाताएवढं, ओतीव धातूचं डाकोटा आणून दिलं. मग दर खेपेला एखादं येऊ लागलं. एकदा शिवानं लढाऊ विमान आणलं, तर दत्तारामानं ते परत केलं. “मारणारां नको. वाहणारां होयां.”

पंधरा वर्षांत अकरा विमानं जमली. वर्तमानपत्रातले फोटो बघून तो त्यांच्यावर आपल्या हवाईदलाच्या खुणा रंगवी. गाव त्याला ‘इमानवालो’ म्हणे. बायको तुळसा म्हणे, “पोरांचो खेळ ह्या वयात,” आणि फळीवरची धूळसुद्धा झटकत नसे.

आज मात्र ती किनाऱ्यावर नवऱ्याचं तोंड बघत उभी होती. तो काही बोलायच्या आत ती घराकडे धावली आणि पदरात गुंडाळून नेमकं ते एक विमान घेऊन आली. दोन शेपट्यांचं, ‘पॅकेट’ नावाचं मालवाहू विमान.

दत्तारामानं ते हातात उंच धरलं. “सकाळी दोन शेपट्यो बघलास ना? त्या ह्याच. ह्यां ओझी वाहता, बाँब टाकणा नाय. पंखाखाली तीन रंगांचां चक्र आसतला. परत इलां की बघा.”

“आणि नसलां तर?” म्हातारा आबा म्हणाला.

“तर मी हयसरच उभो आसंय.”

दक्षिणेकडून घरघर ऐकू आली. बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. दत्ताराम मोकळ्या वाळूत चालत गेला आणि थांबला. तुळसा जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

विमान खाडीवर आलं. वळताना एका बाजूला कललं, आणि पंखाखालचं केशरी, पांढरं, हिरवं चक्र उन्हात लख्ख दिसलं.

मग काशीबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि मागे वळून म्हणाली, “उतरा गो. दत्ताराम सांगता तां खरां आसा.”

एकेक जण उतरला. रिकामी होडी वर उचलली गेली.

त्यानंतर देवबागावरून कधी विमान गेलं, की होडीतली माणसं आधी आभाळाकडे बघत नसत, दत्तारामाकडे बघत. तो वल्हं न थांबवता, मान वर न करता नुसत्या आवाजावरून विमानाचं नाव सांगे. मग लोक पुन्हा आपल्या बोलण्याला लागत.