टगर, डावा कान

डेल्फीन ऊलेटच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या कडेला, घर तापवायचं तेल पुरवणाऱ्या तेलवाल्याने फुकट दिलेलं कॅलेंडर होतं. त्यावर वाढदिवस नव्हते, दाताच्या डॉक्टरच्या वेळा नव्हत्या. गोचिडी होत्या. अंगावरून काढलेली प्रत्येक गोचीड त्या तारखेच्या चौकोनात पारदर्शक चिकटपट्टीखाली दाबायची आणि शेजारी लिहायचं, कुणाची आणि कुठून. पुढेमागे कुणी आजारी पडलं, तर डॉक्टरांपुढे ठेवायला काहीतरी हवं. अमेरिकेतल्या मेन राज्यात जंगलाकडेला अर्ध्या घरांत अशी कॅलेंडरं असतात. पाहुणे तोंड फिरवतात, घरचे त्याशेजारी बसून जेवतात.

मे महिना नुसता काळ्या ठिपक्यांचा. टगर, पोट. टगर, शेपटीखाली. नॉर्मंड, काख. डेल्फीन, गुडघ्यामागे. टगर. टगर. टगर.

टगर हा कुत्रा, नॉर्मंड हा नवरा. कॅलेंडरात दोघांचा मान सारखाच.

२६ ऑक्टोबर

रिकामा चौकोन. अंगणातलं गवत सकाळी गोठलेल्या दंवाने पांढरं झालं होतं.

"चला, कुत्र्याची गोचिडीची गोळी बंद," नॉर्मंड म्हणाला. "दंव गोठलं. मेल्या सगळ्या."

"डॉक्टरीणबाई म्हणाली होती, वर्षभर द्या."

"म्हणणारच. गोळ्या तीच विकते ना! माझ्या बापाने साठ वर्षं शिकार केली, त्याला झालं का काही?"

"तुझा बाप शेवटची दोन वर्षं गुडघे धरून बसला होता."

"ते म्हातारपण गं."

डेल्फीनने गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर सरकवला. वाद घालायचा तिला कंटाळा आला होता. शाळेची बस चालवून आलं की बोलण्यातली ताकद संपलेली असायची.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकोनात नॉर्मंडने स्वतः काढलेलं चित्र: शिंगं. आठ टोकांची.

त्याने मारलेलं हरीण गॅरेजच्या तुळईला टांगलं. आठवडाभर थंडीत टांगून ठेवलं की मांस मऊ पडतं. शेजारचे लोक बिअर घेऊन आले, शिंगांची टोकं मोजली, परत मोजली. टगर खाली बसून वर बघत राहिला.

त्याच संध्याकाळी हॅलीने जोसीला आणून सोडलं. हॅली ही सून, म्हणजे एके काळची. मुलगा दोन वर्षांपूर्वी टेक्ससला निघून गेला तो गेलाच. त्यामुळे सात वर्षांची नात महिन्यातून दोन दिवस या घरात यायची ती फक्त हॅलीच्या मनात असेल तोवर. हे हॅलीने कधी बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाली होती, "डेल्फीन, माझी बहीण गोचीड चावून अठरा महिने अंथरुणात होती, तुम्ही पाहिलंय तिला. जोसीच्या अंगावर एक जरी गोचीड निघाली ना, तर मी तिला परत इकडे पाठवणार नाही. स्पष्ट सांगते, राग मानू नका."

"अगं, थंडीत कुठल्या आल्यात गोचिडी?" डेल्फीन म्हणाली. नवऱ्याचं वाक्य, तिच्या तोंडून.

जोसी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसली, टगरच्या गळ्यात हात टाकून, बरोब्बर हरणाच्या खाली.

"पेपे, ह्याचं नाव काय ठेवायचं?" तिने आजोबांना विचारलं.

"नाव ठेवलेलं खाता येत नाही, बाळा."

"मग माझं नाव आहे म्हणून मला कुणी खात नाही?"

"तुला कोण खाणार? नुसती हाडं!"

जनावर गार पडत जातं तसतसं त्याच्या केसांतलं सगळं खाली उतरायला लागतं, नवं ऊबदार अंग शोधत. हे नॉर्मंडला माहीत होतं. शिकारीचे कपडे तो दारातच काढायचा. पण ते कपड्यांपुरतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

वेणी घालताना डेल्फीनचं बोट डाव्या कानामागे अडलं. राखाडी, टम्म, मसुराच्या दाण्याएवढी. दोन दिवसांची तरी.

तिने चिमटा आणला. कातडीला टेकवून धरला, सरळ ओढला. तोंडासकट आली.

"टगरसारखी मला पण?" जोसी उडीच मारायला लागली. "मेमे, आता माझं पण नाव येणार कॅलेंडरवर?"

किती दिवसांचा तिचा हट्ट होता तो. सगळ्यांची नावं आहेत, माझंच नाही.

डेल्फीनने चिकटपट्टी कापली. गोचीड चौकोनात दाबली. पेन उचललं. बाहेर तासाभरात हॅलीची गाडी वाजणार होती.

*टगर, डावा कान.*

जोसीने अक्षरं जुळवत वाचलं. "पण ही माझी आहे."

"हो. पण आईला कळलं तर ती तुला येऊ देणार नाही. मग मेमे काय करेल इथे एकटी?"

"पेपे आहे की."

"पेपे आहे," डेल्फीन म्हणाली, आणि बरणीतून काकवीचं बिस्किट काढून तिच्या हातात दिलं. मग दुसरं. "आपल्या दोघींचं गुपित हं."

१८, १९, २०

तीन चौकोन. कुत्र्याच्या डॉक्टरणीकडचा कागद फ्रिजवरच लावलेला होता, चुंबकाखाली, गेली दोन वर्षं: गोचीड दीड दिवसाहून जास्त चिकटलेली असेल तर काढल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठा, औषधाच्या एका मात्रेने बरेचदा भागतं.

*सोमवार.* फोन हातात घेतला. बसची वेळ झाली.

*मंगळवार.* फोन लावला.

"काय झालं?" हॅली म्हणाली. "स्वेटर राहिला का तिचा?"

"हो. नाही. वाटलं राहिला, पण इथे दिसत नाही."

"तिच्या अंगावरच आहे. बरं, ठेवू?"

*बुधवार.* बसमध्ये चौतीस मुलं. प्रत्येक मूल उतरताना डेल्फीन त्याच्या डाव्या कानामागे बघत होती.

*गुरुवार.* आता सांगून उपयोग काय, असं म्हणता येऊ लागलं. त्या म्हणण्याने तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळस आली.

१५ डिसेंबर, रविवार

हॅली जोसीला घेऊन आली. गाडी बंदसुद्धा केली नाही.

आदल्या दिवशी पोरगी उठली तेव्हा तिचा अर्धा चेहरा खाली आला होता. डावा डोळा मिटेना, दूध ओठांतून ओघळायला लागलं. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच: गोचीड चावली होती का? गोचिडीतून होणारा लाइम आजारच असणार, डॉक्टर म्हणाले, औषधाने चेहरा येईल जागेवर, वेळ लागेल. पण हॅलीला जाणून घ्यायचं होतं, कधी, कुठे, आणि कुणाला ठाऊक होतं. दारातून ती थेट कॅलेंडरकडे गेली.

"नोव्हेंबरात एकच आहे," ती म्हणाली. "टगर, डावा कान. सतरा तारीख. जोसी इथेच होती."

"बघ!" नॉर्मंडने टेबलावर हात आपटला. "कुत्र्याचंच काम. रात्रंदिवस त्याला मिठी मारून बसते पोरगी."

गॅरेजमधल्या तुळईला टांगलेलं हरीण कुणाला आठवलं नाही. त्याचं मांस शीतपेटीत होतं, पुडक्यांवर नॉर्मंडच्या हाताने तारखा घातलेल्या.

"गोळी चालू होती ना कुत्र्याची?"

नॉर्मंडने वरच्या फळीकडे पाहिलं.

"डेल्फीन, तुम्ही सांगा. जोसीच्या अंगावर काही सापडलं होतं का तुम्हाला?"

डेल्फीनने तोंड उघडलं. खरंच उघडलं. पुढे कितीदा तरी तिने स्वतःपुढे याची साक्ष दिली.

"ती टगरची आहे," जोसी म्हणाली.

अर्धं तोंड बोलत होतं, अर्धं नुसतं लोंबत होतं. उघड्या राहिलेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते रडणं नव्हतं, तो डोळा हल्ली तसाच गळायचा.

"मी बघितलं. मेमेने टगरच्या कानातून काढली."

मेमे म्हणताना तिचे ओठ जुळत नव्हते. तिने तो शब्द दोनदा म्हटला, नीट यावा म्हणून.

हॅलीचा राग एकदम उतरला, जागा मिळाल्यासारखा. "हा कुत्रा या घरात असेपर्यंत पोरगी येणार नाही. तो गेला, तर ईस्टरला बघू."

"गेलाच समज," नॉर्मंड म्हणाला. "उद्याच. माझा चुलतभाऊ आहे वर कॅरिबू गावाला."

टगरने स्वतःचं नाव ऐकलं होतं. तो टेबलाखालून बाहेर आला आणि जोसीच्या बुटावर हनुवटी टेकवून पडला. हॅलीने पायाने त्याला बाजूला ढकललं. डेल्फीनने तोंड मिटलं.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च

नवं कॅलेंडर. तोच तेलवाला. एकही ठिपका नाही.

२० एप्रिल, ईस्टर

हॅलीने शब्द पाळला. जोसी आली. चेहरा जागेवर आला होता. हसताना डावी बाजू जरा उशिरा पोचायची, एवढंच. पण त्या दिवशी ते क्वचितच दिसलं.

ती गॅरेजमध्ये जाऊन आली. टगरची गोधडी होती त्या कोपऱ्यात आता मिठाच्या गोण्या होत्या. मग अंगणात गेली. बर्फ वितळून मागच्या वर्षीचं गवत उघडं पडलं होतं. तिथे एकटीच चालत राहिली, बराच वेळ, हाका न मारता.

आत आल्यावर डेल्फीनने खुर्ची ओढली, कंगवा घेतला, चिमटा टेबलावर ठेवला. बिस्किटांची बरणीही ठेवली.

"ये गं, बस. कानामागे बघू दे मला."

जोसीने बरणीकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. मग चिमटा उचलला.

"माझं मी बघते," ती म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.