भोळ्याची साक्ष

आमच्या प्रयोगशाळेत भोळा नावाचा एक जिवाणू पाळलेला आहे. स्वभावाने इतका गरीब, की कुठल्याही औषधापुढे मान टाकतो. दर आठवड्याला औषधाच्या चकत्या त्याच्यावर तपासायच्या. चकतीभोवती जिवाणू मेले, स्वच्छ गोल पडला, की चकती चांगली. ही शिस्त मामांची. मामा म्हणजे माझे सख्खे मामा, आणि निवृत्त होईपर्यंत माझे साहेबही.

तेच मामा आता वरच्या वॉर्डात तापाने फणफणले होते. त्यांच्या रक्तात सापडलेला जिवाणू बशीत वाढवून त्यावर मी सहा औषधांच्या सहा चकत्या ठेवल्या होत्या. एकीभोवतीही गोल नाही. सहावी म्हणजे राखून ठेवलेलं शेवटचं औषध. त्यापुढे डॉक्टरांकडेही काही नव्हतं. मी डोळे पुसले आणि वर गेले.

"शेवटचंही चालत नाही, मामा."

"भोळ्याला विचारलंस?"

"नाही," मी म्हणाले. या आठवड्यात विचारलंच नव्हतं.

"वाटलंच. जा, आधी विचारून ये. मग रड."

खाली येऊन फ्रिज उघडला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मामांचा सत्तरावा वाढदिवस आम्ही गेल्याच आठवड्यात इथे केला होता. केक मावेना, म्हणून मीच सहाव्या औषधाच्या चकत्यांची बाटली बाहेर काढून खिडकीत ठेवली. तीन दिवस ती उन्हात होती. आठवल्यावर गुपचूप परत आत.

नवी बाटली उघडली. भोळ्यावर एक जुनी चकती, एक नवी. मामांच्या जिवाणूवर नवी. मग दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसत राहिले. भीती वाटली की मला तेवढंच जमतं.

सकाळी पाहिलं, तर भोळा जुन्या चकतीला खेटून मजेत वाढलेला. नवीभोवती लख्ख गोल. मग मामांची बशी उचलली. पाच औषधांना त्या बेट्याने भीक घातली नव्हती. सहाव्याभोवती मात्र गोल होता. पट्टीने दोनदा मोजला, डॉक्टरांना फोन केला आणि जिने चढले.

"किती मिलिमीटर?" मामांनी सलाइनकडे बघत विचारलं. औषध सुरू झालं होतं.

"एकोणीस. काठावर पास."

"तूही तशीच झाली होतीस."

मग मी केकचं सांगून टाकलं. 

"चुकांच्या वहीत लिहिलंस?"

"लिहिलं. माझ्या नावाने."

"खाली माझंही नाव घाल," मामा म्हणाले. "दोन तुकडे मी खाल्ले होते."