आयतं वादळ

"वादळ कसलं देखणं आलंय, मॅडम," साहेब पडद्यासमोर उभे राहून म्हणाले. "तो लाल रंग अजून जरा गडद करता येईल का?"

ताज्या रंगाच्या वासानं माझं डोकं सकाळपासूनच उठलं होतं. पाहुणे येणार म्हटलं की आमचे साहेब आधी भिंती रंगवून घेतात, मग आमचे नकाशे. पाठीमागे सगळी संस्था त्यांना रंगारी म्हणते. स्वच्छतागृहातला नळ कधीचा गळतोय, तो दुरुस्त करायचं नाव नाही. त्याच्या मागच्या ओल्या भिंतीवर मात्र रंग फासून घेतला होता आणि तो पापुद्रे सुटून खाली येत होता. तासाभरात समिती यायची होती.

मी पडद्याकडे नीट पाहिलं. वादळ फार गोल होतं.

माझी सगळी नोकरी एका प्रश्नात गेलीय. उष्ण समुद्रावर ढगांचे पुंजके रोज जमतात. बहुतेक विरून जातात, एखादाच गरगरायला लागतो आणि त्याचं चक्रीवादळ होतं. त्याचंच का होतं? हे बघायला आम्ही संगणकात एक समुद्र उभा करतो, वर हवा घालतो, पाण्याचं तापमान, वारा, बाष्प सगळं भरतो. हे आमचं मॉडेल. एकदा ते सुरू केलं की हात मागे बांधून बसायचं. वादळ झालं तर आपणहून झालं पाहिजे, नाहीतर त्या सगळ्या खटाटोपाला काही अर्थ नाही.

या खेपेला झालं नव्हतं. मॉडेलच्या सगळ्या फेऱ्यांत ढग जमायचे, थोडे वळायचे, आणि मधल्या उंचीवरची कोरडी हवा आत घुसून त्यांचा जीव घ्यायची. ज्या मोसमाचे आकडे आम्ही भरले होते, त्या मोसमात खऱ्या समुद्रावरही एकसुद्धा वादळ उठलं नव्हतं. म्हणजे मॉडेल खरं बोलत होतं, आणि असं काही हाती लागायला माणसाला नशीब लागतं. साहेबांना सांगायला गेले तर म्हणाले, "मॅडम, समितीला काय न आलेलं वादळ दाखवणार?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. मॉडेल पुढे चालू ठेवायचं की बंद करून यंत्र दुसऱ्या विभागाला द्यायचं, हे समिती आज ठरवणार होती.

आणि आज पडद्यावर हे. समुद्रावरचं वादळ असं जन्माला येत नाही. ते आधी वेडंवाकडं असतं, एका बाजूला ढगांची गर्दी, दुसरी बाजू बोडकी, मध्य हरवतो, पुन्हा सापडतो. हे तर दाढीमिशांसकट जन्माला आलं होतं.

साहेब गेल्यावर मी नवऱ्याला गाठलं. संगणक विभाग त्याच्याकडे आहे. मॉडेल मी लिहिते, यंत्रावर चालवतो तो. लग्नाआधीपासून हेच चाललंय. यंत्रांच्या खोलीत तो केबल गुंडाळत बसला होता.

"भोवरा ठेवलास ना आत?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "अंदाजवाले ठेवतातच की."

अंदाजवाल्यांची गोष्ट वेगळी. वादळ आधीच उठलेलं असतं, ते कुठे जाईल एवढंच त्यांना सांगायचं असतं. म्हणून कधीकधी ते मॉडेलमध्ये एक तयार भोवरा बसवतात, आणि बसवला म्हणून उघड सांगतातही. आमचं कामच मुळात वादळ उठतं कसं ते बघायचं. तिथे आयता भोवरा बसवायचा म्हणजे हॉटेलातली भाजी आणून आपल्या पातेल्यात ओतायची आणि पाहुण्यांना विचारायचं, जमलीय का.

"कोणी सांगितलं? रंगाऱ्यानं?"

"ते एवढंच म्हणाले, काहीतरी बघा. केलं मीच. काल संध्याकाळी. तुझ्या नावानं आत गेलो, पासवर्ड माहितीये मला."

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर करू दिलं असतंस?" त्यानं केबल खाली ठेवली. "अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे. येतील, माना डोलावतील, जातील. तुझं काम वाचेल. नंतर काढून टाकू. कोणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय."

"तुझ्यासाठीच केलं ना पण."

हे ऐकलं आणि मला त्याची किळस आली. साहेबांची रोज येते, तिची सवय आहे. घरी जाऊन तोंड धुतलं की उतरते. ही नवीन होती. या माणसाच्या उष्ट्या कपातला चहा मी वर्षानुवर्षं प्यालेय. त्यानं खांद्यावर ठेवलेला हात मी झटकून टाकला.

"काढ तो."

"आता कसा काढू? चित्रफीत साहेबांकडे गेली. त्यांनी स्वतः बसून रंग भरलेत."

समिती आली. गुच्छ झाले, पाणी झालं. साहेबांनी घसा खाकरला आणि "आमच्या मॉडेलनं आपणहून जन्माला घातलेलं वादळ" अशी सुरुवात केली. दिवे मंद झाले, पडद्यावर तो लालभडक गोळा किनाऱ्याकडे सरकू लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं वादळ येतं तेव्हा कोणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर जातं. एक सदस्य म्हणाले, याला वाऱ्याचा आवाज जोडला तर काय बहार येईल.

समितीच्या प्रमुख बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हे सुरू कशानं झालं, ते जरा सांगा ना."

त्यांनी मनापासून विचारलं होतं. माझाच प्रश्न, आणि इतक्या साधेपणानं तो मला कधीच कोणी विचारला नव्हता. कोमट पाणी, दमट हवा, वर शांत वारा, एवढं बोलले असते तरी मॉडेल वाचलं असतं. माझा नवरा मागे प्रोजेक्टरपाशी उभा होता.

"हे सुरू झालेलंच नाही," मी म्हटलं. "बाहेरून ठेवलंय. आमच्या मॉडेलनं एकही वादळ बनवलं नाही. का नाही बनवलं, ते मात्र मी सांगू शकते."

साहेब हसले. "मॅडम गंमत करताहेत."

"नाही करत."

"कोणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर सगळ्यांनीच मागे पाहिलं असतं. जरा थांबले, मागून कोणाला काही बोलायचं असेल तर बोलावं म्हणून. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"माझ्या नावानं ठेवलं गेलंय," मी म्हणाले. "जबाबदारी माझी."

का नाही बनवलं, ते बाई म्हणाल्या लेखी पाठवा. चहा यायच्या आत मॉडेल बंद झालं. जिन्यात साहेबांनी मला अडवलं. "संस्थेचं नाक कापलंत तुम्ही."

"रंग लावून घ्या त्याला," मी म्हटलं आणि वर गेले.

संध्याकाळी नवरा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. हातातला डबा तसाच भरलेला होता, झाकणावरचं सकाळचं रबरही निघालं नव्हतं.

"बोलणार होतो मी," तो म्हणाला. "तोंडच उघडेना."

"कळलं मला."

"उद्या साहेबांना लिहून देतो, माझं काम होतं म्हणून."

"आता कशाला? व्हायचं ते झालं."

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "घरी जायचं ना?"

"दोन मिनिटं."

मॉडेल बंद झालं तरी माझ्या फेऱ्यांच्या फायली यंत्रावर होत्या, विरून गेलेल्या सगळ्या ढगांच्या. मी संगणकावर पासवर्ड बदलायचं पान उघडलं. आधी जुना टाकायचा होता. तो त्यानंच मला ठेवून दिला होता, आमचं लग्न ठरलं त्या आठवड्यात. मी टाकला. नव्याची रिकामी चौकट समोर आली तशी त्यानं ती दारातून पाहिली. मी काहीच म्हटलं नव्हतं. त्यानं आपणच माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, ऑफिसातल्या दुसऱ्या कोणासाठी उभा राहतो तसा.

मी सावकाश टाईप केलं.

"झालं?" त्यानं तिकडेच बघत विचारलं.

"अजून एकदा टाकायचाय," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला.